पाहुण्याचं वजन

प्रभाकाकू हर्डीकरांनी मला त्यांच्या घराची किल्ली दिली, ती कुंड्यांना पाणी घालायला नव्हे. इथं नोव्हाय या अमेरिकन गावात शेजारी किल्ली देतात ती बहुतेक त्याच कामासाठी, किंवा भारतात जाताना पार्सलं आत घ्यायला. काकूंनी किल्ली माझ्या तळहातावर ठेवली, माझी मूठ आपल्या हातानं मिटली आणि म्हणाल्या, "समीर, मंगळवारी आणि शुक्रवारी चार ते पाच मी लायब्ररीत असते. तेवढ्यात येऊन माझ्या घरात एक माणूस लपवून जाशील का?"

मी नागपूरचा. वडीलधाऱ्यांना तोंडावर नाही म्हणायची आम्हाला सवय नाही. मी विचारलं, "कोणता माणूस, काकू?"

"बेसमेंटमध्ये बसलाय. चल, ओळख करून देते."

खाली दिवा लावेपर्यंत मला ही थट्टा वाटत होती. जुन्या सोफ्यावर खरोखरच कुणीतरी बसलं होतं. अंगात निळा बॉयलर सूट, हातांत बर्फातले हातमोजे, डोक्याला तपकिरी कानटोपी. टोपीच्या आत चेहरा असायला हवा तिथं नुसती पांढरी उशी होती. कोपरांना आणि गुडघ्यांना दाराच्या बिजागऱ्या बसवलेल्या, आणि अंगात बासमतीच्या रिकाम्या पिशव्यांत वाळू भरून ती खचाखच कोंबलेली. कपाळावर आणि दोन्ही गुडघ्यांवर ओल्या कुंकवाचे मोठे ठिपके होते.

"याला चेहरा का नाही?" मी विचारलं. दुसरं काही सुचलंच नाही.

"चोराचा चेहरा आपण आधी बघून ठेवलाय का?" काकू म्हणाल्या. "हा आपला पाहुणा. तू याला घरात कुठंही उभा कर, बसव, दारामागं टेकव. मी परत येईन आणि तो सापडेल तिथं त्याला पाडीन. मीच ठेवला तर तो कुठं आहे हे मला माहीत असणार. मग ती टेस्ट नाही, ते नाटक."

"आणि हे कुंकू?"

"पडताना कुठं आपटला ते कळायला नको?"

हे वेड वाटतं खरं, पण वेडालाही पूर्वपीठिका असते. काकूंनी सत्तावीस वर्षं एका प्रयोगशाळेत नोकरी केली होती. तिथं नव्याकोऱ्या गाड्या मुद्दाम भिंतीवर आपटतात आणि आत बसवलेल्या डमीचं काय होतं ते बघतात. सांगलीहून लग्न करून आलेली ही बाई आधी तिथं आकडे टाइप करायला लागली आणि निवृत्त झाली ती टेस्ट इंजिनियर म्हणून. डमीला सीटवर बसवायचं, तिच्या कपाळाला आणि गुडघ्यांना रंग लावायचा, गाडी आपटायची आणि मग रंग कुठं कुठं उमटलाय ते शोधायचं, हे त्यांचं काम. घरी तो रंग नव्हता, म्हणून देवघरातलं कुंकू. ठिपका ठसठशीत उमटतो आणि पुसतोही लवकर, असा त्यांचा अनुभव.

पुसतो हे त्यांचं मत. पहिल्या महिनाभरातच त्यांच्या घराच्या भिंतींवर, दारांच्या चौकटींवर आणि जिन्याच्या कठड्यावर लालसर डाग दिसू लागले. सगळे साधारण माणसाच्या कपाळाच्या उंचीवर. एकदा गॅस कंपनीचा माणूस मीटर बघायला आला होता. तो मीटर न बघताच गेला.

काकू सत्तरी ओलांडलेल्या, उंची जेमतेम पाच फूट, केस बारीक कापलेले, पायात नेहमी पुरुषी स्पोर्ट्स शूज. बोलणं तुटक. कुणी काहीही विधान केलं की त्यांचा एक ठरलेला शेरा असे, "टेस्ट केलंस का? नाही? मग ते नुसतं मत झालं." आणि एखादी गोष्ट सिद्ध झाली की "नोंद घे." मंडळाच्या गणपतीत कुणी म्हणालं की यंदाचे मोदक छान फुललेत, तरी काकू आधी एक खाऊन बघत आणि मग म्हणत, "नोंद घे."

आता या पाहुण्याची गरज का पडली ते सांगतो. आमच्या रांगेतल्या दोन घरांमध्ये फेब्रुवारीत चोरी झाली. हर्डीकरकाका जाऊन तेव्हा दोन वर्षं होऊन गेली होती आणि काकू एकट्याच राहत होत्या. त्यांचा मुलगा निखिल सिअ‍ॅटलला. त्याला बातमी कळताच त्यानं आईला फोनवर स्पष्ट सांगितलं, की नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगपर्यंत एकतर घरात संरक्षणाची नीट सोय कर, हत्यार ठेव, ते चालवायला शीक, नाहीतर घर विकू आणि तू माझ्याकडे ये. काकूंना घर सोडायचं नव्हतं. का, असं मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "इथं माझं एक काम अर्धं राहिलंय." कोणतं ते सांगितलं नाही. मला वाटलं, बागेतलं असेल.

निखिलनं पिस्तूल शिकवणाऱ्या एका कोर्सचे पैसेही भरून टाकले. काकूंना तिथं घेऊन जायचं काम माझ्याकडे आलं, कारण तोच कोर्स मी दोन वर्षांपूर्वी केला होता आणि त्याचं सर्टिफिकेट हॉलमध्ये लावलं होतं. हत्यार या विषयावर मी स्वतःला थोडा जाणकार समजत असे. प्रत्यक्षात आमच्या घरी पिस्तूल नाही, कारण माझ्या बायकोनं, अश्विनीनं, "ते तरी राहील नाहीतर मी" असा पर्याय दिला होता.

तिथला शिक्षक डेल, दाढीवाला, अंगानं आडवा, स्वभावानं गरीब. त्यानं काकूंच्या कानांना आवाज अडवणारे मफ लावले, हात धरून नेम शिकवला. काकूंनी पाच गोळ्या झाडल्या. चार कागदी माणसाच्या छातीत. डेलनं शिट्टी वाजवली. मला मात्र माझे पाचातले दोन आठवले आणि बरं वाटलं नाही.

काकूंनी पिस्तूल खाली ठेवलं आणि इंग्रजीत विचारलं, "हा पडला. आता पुढं?"

"पुढं काही नाही, मॅम. यू आर सेफ. नाइन-वन-वनला फोन करायचा."

"आणि तो?"

"तो... पडलेला असणार, मॅम."

"पडलेल्या माणसाला उचलायचं कसं, ते या कोर्समध्ये आहे का?"

डेलनं माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी काकूंनी मला स्टॉपवॉच घेऊन बोलावलं. पिस्तुलाऐवजी एक केळं डब्यात कुलूपबंद करून ड्रॉवरमध्ये ठेवलं, पलंगावर आडव्या झाल्या आणि "गो" म्हणाल्या. पांघरूण, चष्मा, दिवा, ड्रॉवर, डबा, कुलपाचा नंबर. पहिल्या वेळी एकेचाळीस सेकंद लागले. दुसऱ्या वेळी नंबरच आठवेना. तिसऱ्या वेळी केळं हातातून निसटलं.

"नोंद घे," काकू म्हणाल्या. "एकेचाळीस सेकंदांत पाहुणा चहा पिऊन जाईल. हत्यार म्हणजे दुसऱ्या खोलीत राहिलेली वस्तू. हात मात्र कायम आपल्याबरोबर असतात."

मी म्हणालो, "पण काकू, समोरच्याकडे पिस्तूल असेल तर?"

"मग मागेल ते देऊन टाकायचं. हातांना तेही येतं."

त्यांनी रेक सेंटरमध्ये, म्हणजे गावच्या व्यायामशाळेत, स्वसंरक्षणाच्या वर्गाला नाव घातलं. वीस-पंचवीस वर्षांच्या पोरांबरोबर पकडी सोडवणं, तोल घालवणं, पाडणं शिकून आल्या. मग मंडळातल्या नऊ बायकांचा वर्ग आपल्याच बेसमेंटमध्ये सुरू केला. त्या वर्गात अश्विनीही होती. एका रविवारी मी तिचा हात धरून "चहा कर ना" असं लाडात म्हणालो आणि पुढच्या क्षणी मला आमच्या सीलिंग फॅनची धुळकटलेली पाती दिसली. मी उताणा पडलो होतो. "सॉरी," अश्विनी म्हणाली, "रिफ्लेक्स." त्यानंतर मी चहा स्वतः करतो.

आता पाहुण्याबद्दल. मार्चमध्ये तो मला सहज उचलता येत होता. तीस किलोंचा असेल. खांद्यावर टाकून मी त्याला कधी कपड्यांच्या कपाटात उभा करायचो, कधी जेवणाच्या टेबलाशी बसवायचो. सुरुवातीला यात गंमत होती. पण रिकाम्या घराची एक शांतता असते आणि त्या शांततेत बिनचेहऱ्याचं ओझं खांद्यावर घेऊन फिरताना गंमत फार टिकत नाही. त्याचं डोकं माझ्या मानेवर घासायचं. बिजागऱ्या कुरकुरायच्या. एकदा त्याला हीटरच्या जाळीजवळ टेकवलेला होता. पुढच्या वेळी उचलायला गेलो तर त्याचं अंग कोमट लागलं. मी त्याला तिथंच सोडला आणि घरी येऊन साबणानं हात धुतले.

काकूंचा नियम एकच होता. त्याला घरात कुठंही ठेव, पण वर न्यायचं नाही. वरच्या बाथरूममध्ये तर नाहीच नाही. मी विचारलं, का? "त्याची वेळ आल्यावर मी नेईन," एवढंच म्हणाल्या.

मे महिन्यात मला त्याला उचलताना दम लागला. जूनमध्ये कंबरेत उसण भरली. मला वाटलं, आता चाळिशी उलटली, बसून बसून अंग आखडलं. मी सकाळी पळायला लागलो. ऑगस्टमध्ये माझं वजन दोन किलो उतरलं, आणि पाहुणा मात्र मला जमिनीपासून हलवता येईना. मी त्याला चादरीवर घालून ओढत न्यायला लागलो. चादरीवर उताणा, मोजे घातलेले हात दोन्ही बाजूंना, कपाळाला कुंकू, आणि मी मागं मागं सरकत त्याला ओढतोय. पडदा उघडा असता तर कुणीही पोलिसांना फोन केला असता.

"काकू, पाहुणा जड होत चाललाय का?" मी शेवटी विचारलं.

"अरे वा," काकू म्हणाल्या. "तुझ्या लक्षात आलं तर."

दर पंधरवड्याला त्या वाळूची एक पिशवी वाढवत होत्या. बेसमेंटच्या भिंतीवर एक तक्ता होता. तारीख, वजन, आणि पुढं बरोबरची खूण. सर्वांत खाली एक आकडा आधीच लिहून त्याच्याभोवती चौकोन काढलेला होता, एकाहत्तर. मी म्हणालो, एवढा जड चोर कशाला? काकूंनी दिवा मालवला आणि जिना चढायला लागल्या. मी अंधारात पाहुण्याबरोबर दोन क्षण एकटाच राहिलो, आणि मग धावत वर आलो.

ऑक्टोबरच्या शेवटी त्यांनी मला सांगितलं की आता लपवायला यायची गरज नाही. मला सुटल्यासारखं झालं. पण त्याच आठवड्यात भिंतीतून आवाज यायला लागला.

आमची आणि त्यांची वरच्या मजल्याची भिंत एकच आहे. आमच्या बेडरूमच्या पलीकडे त्यांचं बाथरूम. रोज सकाळी सहाला दहा कमी असताना पलीकडे काहीतरी धप्पकन पडायचं. जड, मऊ. मग काहीच नाही. मग फरशीवरून घासत गेल्याचा आवाज. आणि मग काकूंचा आवाज, "अजून थोडं. हं. अजून थोडं."

पहिल्या दिवशी मी उठून बसलो. अश्विनी आधीच जागी होती.

"प्रॅक्टिस करतायत," मी म्हणालो.

"त्या त्याच्याशी बोलतात, समीर."

"लढताना बोलतात लोक."

"इतकं हळू?"

रोज तेच. धप्प, शांतता, घासणं, "अजून थोडं". काही दिवस शेवटी हुंदक्यासारखा आवाज यायचा. मग पाठीवर थोपटावं तसे हलके हलके चार-पाच आवाज. आम्ही दोघं पांघरुणात गुडघे जवळ घेऊन ते ऐकत असू. अलार्म लावायची गरज उरली नव्हती. अश्विनीनं वर्गाला जाणं बंद केलं.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या मंगळवारी त्यांच्या दारात दुपारपासून एक पार्सल पडून होतं. बर्फ भुरभुरत होतं. साडेचारच्या सुमाराला, काकू लायब्ररीत असणार म्हणून मी किल्ली घेतली आणि पार्सल आत ठेवायला गेलो. इथं नोव्हेंबरमध्ये घड्याळं तासभर मागं करतात, तेव्हापासून त्या वेळेलाच अंधारून येतं. आत गेलो आणि सवयीनं बेसमेंटमध्ये डोकावलो. सोफा रिकामा होता. जिथं तो बसायचा तिथं खड्डा पडलेला होता.

खालच्या मजल्यावर तो कुठंच नव्हता. कपाटात नाही, दारामागं नाही. मला निमूटपणे परत येता आलं असतं. पण ज्याला मी चादरीवर घालूनही तीन पायऱ्या चढवू शकत नव्हतो, तो गेला कुठं, हे कळल्याशिवाय मला जेवण गेलं नसतं. मी जिना चढलो. वरच्या बाथरूमचं दार अर्धं उघडं होतं.

तो टब आणि कमोड यांच्या मधल्या अरुंद जागेत पडला होता. कुशीवर, एक हात अंगाखाली दुमडलेला, मान वाकडी. टबच्या कडेवर लाल ठसा. पण मी दारातच थबकलो ते त्यामुळं नाही. त्याच्या डोक्याखाली टॉवेलची नीट घडी ठेवलेली होती. अंगावर काकूंची राखाडी शाल पांघरलेली होती, पायांपर्यंत, थंडी वाजू नये अशी. शेजारी एक लाकडी पाट होता, एक स्टूल होतं, आणि पेल्यात पाणी होतं.

मी घरी आलो आणि निखिलला फोन केला. चुगली करतोय हे मला कळत होतं. मी त्याला सांगितलं, की तुझी आई एका डमीला शाल पांघरते, त्याच्याशी बोलते, मला वाटतं त्यांच्या डोक्यावर परिणाम झालाय. तो म्हणाला, "ओके. दॅट्स इट. आय अ‍ॅम ब्रिंगिंग हर होम विथ मी."

थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी तो आला. चाळिशीतला, उंच, धिप्पाड. दिवसभर आईशी वाद झाला असावा, कारण सहा वाजता काकूंनी मला बोलावलं तेव्हा दोघं हॉलच्या दोन टोकांना बसले होते.

"समीर, स्टॉपवॉच आणलंस? हा म्हणतो, मी इथं सेफ नाही. टेस्ट केलंस का, विचारलं तर गप्प. मी बाहेर एक चक्कर मारून येते. याला लपू दे."

"आई, दिस इज क्रेझी."

"मी पडले तर उद्याच घराला विक्रीचा बोर्ड लाव. तू पडलास तर मी म्हणेन तसं."

काकू कोट घालून बाहेर गेल्या. आम्ही दिवे मालवले. निखिल कोटांच्या कपाटात शिरला आणि मी जिन्याच्या पायरीवर बसलो. बाहेर पूर्ण अंधारलं होतं. घर गरम करणारा फर्नेस सुरू झाला, बंद झाला. कपाटातून निखिलचा श्वास ऐकू येत होता. वर बाथरूममध्ये तो दुसरा पडलेला आहे, हे मला उगाच आठवत होतं. मी सारखा जिन्यावर मागं वळून बघत होतो.

दार उघडलं. काकू आत आल्या, बूट काढले, आणि कपाटाशी पोचल्या तोच निखिलनं मागून त्यांच्या खांद्यांना विळखा घातला. मी बटण दाबलं. काकू एकदम खाली बसल्यासारख्या झाल्या, त्याचं मनगट फिरलं, कंबर वळली, आणि तो सहा फुटी माणूस कार्पेटवर उताणा आला. साडेतीन सेकंद. मी दिवा लावला आणि खरं सांगतो, मला टाळी वाजवावीशी वाटली.

पण काकू थांबल्या नाहीत.

"हलू नकोस," त्या म्हणाल्या. आवाज बदलला होता, तो भिंतीपलीकडचा आवाज होता. "अंग सोड. पूर्ण सोड. मला मदत करू नकोस." त्या वर गेल्या आणि पाट आणि स्टूल घेऊन आल्या. निखिलच्या मागं गुडघ्यांवर बसल्या, त्याच्या काखांतून हात घालून त्याच्याच हाताची पकड घेतली, आणि मागं झुकून त्याला बसता केला. "अजून थोडं. हं. अजून थोडं." जमिनीवरून पाटावर. पाटावरून स्टुलावर. मधेच थांबत होत्या, कपाळाची शीर टरारून फुगली होती, पाय थरथरत होते. स्टुलावर तो नीट टेकला तेव्हा त्यांनी त्याची मान सरळ केली, त्याचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं आणि पाठीवर थोपटत राहिल्या.

"आई," निखिल म्हणाला. "आई, काय करतेयस तू?"

"तुझे बाबा बाथरूममध्ये पडल्या पडल्या गेले, असं मी तुला सांगितलं होतं," काकू म्हणाल्या. "नव्हते गेले. बोलत होते. टबाच्या फटीत अडकले होते, मान मुडपली होती, श्वास पुरत नव्हता. मला म्हणाले, प्रभा, मला नुसतं बसतं कर. एवढंच मागितलं रे. सकाळची वेळ, फोन खाली किचनमध्ये. मला वाटलं, आधी बसतं करावं, मग जावं. मी हात ओढले, पाय ओढले. एक इंच हलले नाहीत. सत्तावीस वर्षं मी एवढ्या डमी उचलल्या, पण तिथं हॉइस्ट होता. हूक अडकवायचा आणि बटण दाबायचं. मग धावत खाली गेले फोन करायला. वर आले तर बोलत नव्हते."

काकूंचा हात निखिलच्या पाठीवरच होता.

"एकाहत्तर किलो होते. त्याच महिन्यात डॉक्टरकडे वजन केलं होतं."

"यू शुड हॅव टोल्ड मी," निखिल म्हणाला. त्याचा चेहरा मला दिसत नव्हता.

"सांगून काय? तू विचारलं असतंस, मग तू काय केलंस? परवा एकाहत्तर जमले मला. पिशव्या एकेक करून वर नेल्या, तिथंच त्याच्यात भरल्या, तिथंच त्याला उचलला. पण वाळू ती वाळू. माणूस उचलून बघायचा राहिला होता. तुझं किती?"

"एटी-थ्री."

"नोंद घे, समीर."

मी मूर्खासारखा म्हणालो, "आणि चोराचं काय, काकू?"

"कोणता चोर?" काकूंनी विचारलं. त्या खरोखरच विसरल्या होत्या. आठ महिने आम्ही सगळे ज्याची भीती बाळगून होतो, तो त्यांच्या घरात कधी आलाच नव्हता. मला त्या चुगलीची इतकी लाज वाटली, की मी स्टॉपवॉचकडे बघत राहिलो.

निखिल उठला. डोळे पुसले. म्हणाला, "आई, तू इथंच राहा. मी काही बोलणार नाही आता."

"नाही," काकू म्हणाल्या. "माझं इथलं झालं. मी येईन तुझ्याकडे. पण माझी एक टेस्ट आहे." त्यांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला, स्वेटर सारखा केला आणि कार्पेटवर सावकाश आडव्या झाल्या. कुशीवर, एक हात अंगाखाली. डोळे मिटले. "मी पडलेय. अंग सोडलंय. तुझ्या घरी जे होणार, ते इथं बघून घेऊ दे."

निखिलनं वाकून त्यांचे हात धरले. "हात ओढू नकोस, खांदा निखळेल," काकू डोळे मिटूनच म्हणाल्या. "पाठीमागून ये. गुडघे टेक. हं." तो मागं गेला, गुडघे टेकले, काखांतून हात घातले. बहुधा त्यानं त्र्याऐंशी किलोंच्या हिशेबानं जोर लावला असावा. पाटाची गरज पडली नाही, स्टुलाचीही नाही. काकू एकदम वर आल्या, त्यांचे पाय जमिनीपासून सुटले, आणि तो त्यांना तसाच छातीशी धरून उभा राहिला.

"आई, तू किती बारीक झालीयस," तो म्हणाला. "तू जेवतेस की नाही?"

मोजे घातलेले काकूंचे दोन पाय हवेत लोंबकळत होते. निखिल त्यांना खाली ठेवायला वाकू लागला.

"थांब," काकू म्हणाल्या. "तीन वर्षं झाली मला कुणी धरून. एवढ्यात खाली ठेवू नकोस."

निखिलनं ठेवलं नाही.